अंक सदतिसावा

नांग्यासुराचं तोंड कधीच त्याच्या चेहऱ्यावर नसायचं.
छापखान्यात लाल रंग सरकायचा
आणि ओठ जबड्याबाहेर, हवेतच हसायचे.
हिरवं अंग, पाठीवर कालवांचे थर,
उजव्या खांद्यातून फुटलेली होडीएवढी नांगी.
सगळा समुद्र पिऊन टाकायचा, एवढंच त्याचं म्हणणं.
दर अंकात सोळाव्या पानापर्यंत तो अर्धा प्यायचा,
गलबतं चिखलात कलंडायची,
मग ढगांतून वज्रकेतू उतरायचा,
झग्याला इस्त्री, पायाला वाळूचा कण नाही.

सर्जेकोटात अंक यायचा मालवणहून,
सायकलवर, बर्फाच्या पावत्यांबरोबर,
महिनाभर उशिरा.
एक अंक, अकरा पोरं.

खेळात मी कोण, हे कुणी विचारलंच नाही.
माझ्या उजव्या हाताची बोटं जन्मापासून जुळलेली,
दोन इकडे, दोन तिकडे, मधे फट.
उमाकांत सारंगाने आईचा नवा टॉवेल गळ्याशी गाठला
आणि झाला वज्रकेतू.
त्याच्या बापाची लाँच होती.

मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतं.
नाही. मला गर्जना फार छान जमायची.
शिवाय भरती-ओहोटीच्या वेळा मला पाठ, त्याला नाही;
तो नेमका भरतीत लढायला यायचा
आणि भिजल्या टॉवेलापायी घरी मार खायचा.
दिवेलागणीला मी मरायचो, ते ठरलेलंच,
पण किती वेळ मरायचं ते मी ठरवायचो.
एकदा इतका वेळ मेलो
की वज्रकेतू रडायला लागला.

सदतिसाव्या अंकात नांगी त्याच्या गळ्याशी भिडली होती.
पान एकतीस.
बत्तिसावं मी फाडलं, कुणी बघायच्या आत.
सांगितलं : नांग्यासुर जिंकला. समुद्र प्यायला. संपलं.
पुढे अंक आलाच नाही,
म्हणून माझं खोटं
मिठातल्या बांगड्यासारखं टिकलं.

उमाकांताच्या आता तीन पर्ससीन बोटी.
रात्री त्यांचे दिवे लागतात,
क्षितिजावर एक नसलेलं गाव उभं राहतं,
आणि सकाळी आमची रापण
चाळीस माणसांच्या जोराने शेवाळ ओढून आणते.
मी मत्स्य खात्याला अर्ज लिहितो, डाव्या हाताने.
तो माझ्या अर्जांवर वकील घालतो.
सोसायटीच्या सभेत माझ्या तोंडाकडे बघत नाही,
हाताकडे बघतो.

काल बर्फाच्या कारखान्यात एकटाच भेटला.
बायपास झालाय; शर्टाच्या वरच्या बटणाशी
व्रणाचं टोक दिसतं.
लाद्या फुटायच्या आवाजात ओरडून विचारलं,
"सहदेवा, खरां सांग. त्या अंकात कोण जिंकलो?"

पान आहे माझ्याकडे,
जाळं विणायच्या सुयांच्या डब्यात, तळाला.
त्यात कुणीच जिंकत नाही.
वरच्या अर्ध्यात नुसतं पाणी, एक बुडबुडा,
आणि 'पुढील अंकी'.
खालच्या अर्ध्यात केसांच्या तेलाची जाहिरात.
एक बाई हसतेय. तिचेही ओठ सरकलेले.

"तू," मी म्हटलं.

तो बघत राहिला. पायाशी बर्फाचा चुरा वितळला.
"खोटां बोलतस," म्हणाला,
आणि त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला,
जिथे टॉवेलाची गाठ असायची.

बाहेर ओहोटी लागली होती.
त्याची मोठी बोट खाडीच्या तोंडाशी उभी,
वाळूवर बसायला फार तर अर्धा तास.
हे मला पाठ होतं. त्याला अजून नाही.
माझे चार अर्ज जे करू शकले नव्हते
ते अर्ध्या तासात आपसूक झालं असतं,
मी फक्त गप्प राहायचं.

मी उजवा हात डोक्यावर उचलला, फट उघडली,
आणि गरजलो,
इतक्या वर्षांनी, पोटातून.
बर्फवाल्या पोरांच्या हातातले आकडे खाली पडले.
उमाकांताने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे,
आणि छातीला टाके घातलेला तो माणूस
बोटीकडे धावत सुटला.